राक्षसाची कीव येते, मग त्या मेलेल्या पोराचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाईन’ तुम्ही पहिल्यांदाच वाचलीत. मधल्या भागात राक्षस स्वतःची कहाणी सांगतो तेव्हा तुमचे डोळे भरून आले, आणि दोन-चार पानांतच त्याने एका लहान मुलाचा गळा आवळला. आता आपल्याला त्याची कीव आली याचाच तुम्हाला त्रास होतोय. उलट ज्याने त्याला घडवलं आणि ज्याचं सगळं घर धुळीला मिळालं त्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईनबद्दल मनात फारसं काही हलत नाही. मैत्रीण म्हणते, ‘खरा राक्षस व्हिक्टरच.’ ते पटतं, पण तेवढ्याने भागत नाही. मग वाचणाऱ्याने उभं राहायचं तरी कुणाच्या बाजूने?

पदवीच्या आणि एम. ए.च्या वर्गांना मी ही कादंबरी बरीच वर्षं शिकवतोय आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात निघतो. तो साधा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची खरी अडचण माझ्या मते वेगळीच आहे. एखाद्याची कीव आली म्हणजे आपण त्याला माफ केलं, असं तुम्ही धरून चालला आहात. म्हणून कीव आली की अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटू नये म्हणून मग एकाला निर्दोष आणि दुसऱ्याला राक्षस ठरवावं लागतं. ही कादंबरी तुमच्याकडे निकाल मागतच नाही. ती दोन माणसांची कैफियत तुमच्यापुढे ठेवते आणि तुमचं मन कुठे कसं वळतं, हे तुमचं तुम्हाला पाहायला लावते. (‘दोन माणसं’ हे मी विचारपूर्वक म्हणतोय.)

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगून टाकतो, कारण सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. तुमच्या हातात कुठली आवृत्ती आहे? पहिली आवृत्ती 1818 साली लेखिकेच्या नावाशिवाय निघाली, अवघ्या 500 प्रतींची. 1831 मध्ये मेरीने मजकुरात बरेच बदल केले. त्या आवृत्तीतला व्हिक्टर वारंवार नशिबाला बोल लावतो, सगळं आधीच ठरलेलं होतं असं बोलतो, त्यामुळे तो अधिक बिचारा वाटतो. 1818 च्या व्हिक्टरला ही पळवाट एवढी मोकळी नाही. दुसरं म्हणजे तुम्ही आधी सिनेमा पाहिला होता का? 1931 च्या सिनेमात राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफचा चेहरा डोक्यात बसला असेल तर पुस्तकातला राक्षस तोंड उघडतो तेव्हा धक्का जास्त बसतो. आणि तिसरं म्हणजे तुमचं स्वतःचं आयुष्य. ज्यांना किंवा ज्यांच्या आईवडिलांना कधी कुणाच्या उंबरठ्याबाहेर ताटकळावं लागलं, ती मुलं वर्गात डी लेसी कुटुंबाच्या झोपडीतून राक्षसाला हाकलतात तो प्रसंग आला की गप्प होतात. आणि पुढे स्वतःला मूल झाल्यावर भेटायला आलेले जुने विद्यार्थी व्हिक्टरबद्दल वेगळं बोलतात. यातलं कुठलंच वाचन चूक नाही.

तुमचे डोळे का भरून आले ते आधी पाहू. कारण सरळ आहे, राक्षसाला बोलू दिलंय. मेरीने हे फार विचाराने केलंय. कादंबरी एकात एक बसवलेल्या निवेदनांची आहे. उत्तर ध्रुवाकडे निघालेला कप्तान वॉल्टन बहिणीला पत्रं लिहितो, त्या पत्रांत व्हिक्टरची कहाणी आहे आणि व्हिक्टरच्या कहाणीच्या पोटात राक्षसाची. 1831 च्या आवृत्तीत ती 11 व्या प्रकरणापासून 16 व्यापर्यंत चालते. सहा प्रकरणं तो आपल्याशी बोलतो आणि तेवढा वेळ त्याचा चेहरा आपल्यापुढे नसतो.

तो बोलायला सुरुवात करतो त्याआधीचा एक बारकावा बहुतेक वाचक घाईत ओलांडून जातात. हिमनदीवर व्हिक्टर आणि तो समोरासमोर येतात. व्हिक्टर ओरडतो, माझ्या नजरेसमोरून चालता हो. त्यावर राक्षस पुढे होऊन स्वतःचे हात व्हिक्टरच्या डोळ्यांवर ठेवतो आणि म्हणतो, घे, तुला नकोसं असलेलं दृश्य मी दूर केलं, आता तरी माझं ऐक. व्हिक्टर ते हात झिडकारतो. ही कृती नीट पाहा. दोन वर्षं राबून ज्याने ते हात घडवले त्याच्याच डोळ्यांवर ते येतात, ते हल्ला करत नाहीत, फक्त डोळे झाकतात. राक्षसाला एक गोष्ट पुरती कळलेली आहे: जोवर माणूस बघतोय तोवर तो ऐकणार नाही.

पुढे डी लेसींच्या झोपडीत तो हेच करून बघतो. त्या कुटुंबाशेजारच्या खोपट्यात तो महिनोन्‌महिने लपून राहिलाय. सुरुवातीला रात्री त्यांच्यातलं अन्न चोरायचा. तीच माणसं उपाशी राहतात हे दिसल्यावर त्याने ते थांबवलं आणि कंदमुळांवर भागवलं. रात्री जाऊन लाकडं तोडायची आणि दारात आणून टाकायची. त्यांना वाटतं, कुणी देवमाणूस मदत करतोय. शेवटी एक दिवस घरात फक्त आंधळा म्हातारा आहे असं पाहून तो आत जातो. म्हातारा त्याच्याशी माणसासारखं बोलतो, तुमचा चेहरा मला दिसत नाही पण तुमच्या बोलण्यात खरेपणा आहे असं म्हणतो. तेवढ्यात मुलगा फेलिक्स येतो आणि काठीने त्याला झोडपून काढतो. राक्षसाच्या अंगात त्याला फाडून टाकण्याचं बळ आहे आणि तो हात उचलत नाही.

वाचक म्हणून आपण त्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या जागी आहोत. आपल्यालाही फक्त आवाज ऐकू येतो. म्हणून तुमचे डोळे भरून आले, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. तो आवाज काढून घेतला तर काय होतं याचा दाखला मेरीच्या हयातीतच मिळाला. 1823 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर या कादंबरीचं पहिलं नाटक आलं तेव्हा त्यात राक्षसाला मुकं केलं होतं. ते नाटक मेरीने स्वतः जाऊन पाहिलं. 1931 च्या सिनेमातही त्याच्या तोंडी शब्द नाहीत. कार्लॉफने ती उणीव हातांनी आणि डोळ्यांनी भरून काढली. छतातून उजेड येतो आणि तो हात वर करून तो पकडू बघतो, तो क्षण मला आजही थोर वाटतो. पण ती कणव मुक्या जनावराबद्दल वाटावी तशी आहे. पुस्तकातला राक्षस कवी मिल्टन वाचतो, वाद घालतो, हक्क मागतो. तू मला निर्माण केलंस, तर तुझं माझ्याप्रती काहीतरी कर्तव्य आहे, असं म्हणतो. त्याच्याशी नातं जडतं ते बरोबरीच्या माणसाशी जडावं तसं.

मात्र बोलणारा मनुष्य काहीतरी मागत असतो, हेही विसरू नका. राक्षसाची सहा प्रकरणं ज्या वाक्यावर येऊन थांबतात ती मागणी आहे: माझ्यासारखीच एक सोबतीण बनवून दे. व्हिक्टर आपली गोष्ट वॉल्टनला सांगतो त्यामागेही मागणीच आहे: मी मेलो तर माझ्या मागे त्याला तू ठार मार. तो वॉल्टनला बजावतो की त्याची वाणी गोड आहे, माझंही काळीज एकदा तिने हललं होतं, तू भुलू नकोस. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वॉल्टनने घेतलेली टिपणं व्हिक्टर मागून घेतो आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त करतो, भर घालतो, विशेषतः शत्रूबरोबरच्या संभाषणांत. म्हणजे राक्षसाचं जे बोलणं तुमच्या काळजाला भिडलं, ते त्याच्या शत्रूच्या हातून तुमच्यापर्यंत आलं आहे. एवढं असूनही ते भिडतं. मला हा व्हिक्टरच्या बाजूने जाणारा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. त्याने ते शब्द दाबले नाहीत.

आता विल्यमच्या, म्हणजे व्हिक्टरच्या धाकट्या भावाच्या, खुनाकडे येतो, कारण तुमची खरी बोच तिथे आहे. राक्षस जिनिव्हाजवळ पोचतो. वाटेत त्याने बुडणाऱ्या एका मुलीला वाचवलंय आणि त्याबद्दल बंदुकीची गोळी खाल्लीय. समोर एक लहान मुलगा येतो. राक्षसाला वाटतं, एवढ्या लहान पोराचं मन अजून कलुषित झालं नसेल, याला जवळ ठेवावं, वाढवावं. मुलगा किंचाळतो, शिव्या देतो आणि वडिलांचं नाव सांगतो: फ्रँकेन्स्टाईन. पुढचं तुम्ही वाचलंच आहे. मूल पायाशी मरून पडल्यावर राक्षस टाळ्या वाजवतो आणि म्हणतो, मीसुद्धा काहीतरी निर्माण करू शकतो, विनाश निर्माण करू शकतो.

त्या टाळ्यांपाशी थांबा आणि मागे 5 व्या प्रकरणात जा. नोव्हेंबरची रात्र. राक्षस जिवंत होतो, व्हिक्टर खोलीतून पळतो, कपड्यांनिशी बिछान्यावर पडतो. स्वप्नात तो एलिझाबेथला, त्याच्या होणाऱ्या बायकोला, जवळ घेतो आणि तिची त्याच्या हातांत मेलेली आई होते. दचकून जागा होतो तर पलंगाचा पडदा वर धरून ते नवं तोंड त्याच्याकडे बघतंय. ओठ हलतायत, काही अस्फुट आवाज येतोय, एक हात पुढे आलाय, थांबवायला आल्यासारखा. व्हिक्टर स्वतःच सांगतो, तो बोललाही असेल, मी ऐकलं नाही. आणि जिन्यावरून धावत सुटतो.

या रात्रीच्या पळण्यासाठी मी व्हिक्टरला दोष देत नाही. आई गेली ते दुःख त्याने दोन वर्षं कामाखाली गाडून टाकलं होतं. मेलेल्या आईच्या स्वप्नातून जागं होऊन मेलेल्या तुकड्यांनी बनलेला चेहरा समोर दिसला तर कुणीही पळेल. दोष येतो दुसऱ्या दिवशी. मित्र क्लर्व्हल आलाय, व्हिक्टर भीत भीत खोलीचं दार ढकलतो आणि खोली रिकामी आहे. आनंदाने तो टाळ्या वाजवतो. एक नवजात जीव थंडीत कुठे गेला हे त्याच्या मनातही येत नाही, बला टळली एवढंच येतं.

बापाने रिकाम्या खोलीत वाजवलेल्या टाळ्या आणि पोराने प्रेतापाशी वाजवलेल्या टाळ्या. कादंबरी त्यावर बोट ठेवत नाही, पण दोन्ही जागा तिथे आहेत. दोघं एकाच रक्ताचे आहेत हे मला या टाळ्यांवरून जितकं कळतं तितकं कुठल्याही भाषणावरून कळत नाही.

व्हिक्टरबद्दल काही वाटत नाही म्हणता, तर मेरीचं आयुष्य एकदा डोळ्यांपुढे आणा. 30 ऑगस्ट 1797 ला ती जन्मली आणि 10 सप्टेंबरला तिची आई, मेरी वुलस्टनक्राफ्ट, बाळंतपणातल्या तापाने गेली. जन्माला येण्यानेच आपण आईचा जीव घेतला ही जाणीव घेऊन जगलेली ही लेखिका आहे. 1815 च्या फेब्रुवारीत तिला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली आणि मार्चमध्ये ती गेली. त्या महिन्यात तिने रोजनिशीत एक स्वप्न टिपलंय: बाळ मेलं नव्हतं, नुसतं गारठलं होतं, शेकोटीपाशी चोळलं आणि ते जिवंत झालं. पुढच्या वर्षी, 1816 च्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या तळ्याकाठी कवी बायरनने सगळ्यांना भुताची गोष्ट लिहायला सुचवलं. तांबोरा ज्वालामुखीच्या राखेने त्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. तेव्हा मेरी 18 वर्षांची होती आणि तिच्याजवळ काही महिन्यांचा मुलगा होता, विल्यम. कादंबरीत मारलं गेलेल्या मुलाचं नावही विल्यमच. ते तिच्या वडिलांचंही नाव होतं, म्हणून त्यावरून एकच अर्थ मी काढणार नाही. पण मेलेल्यात जीव ओतण्याची ओढ तिला आतून ठाऊक होती, आणि ती ओढ तिने व्हिक्टरला दिली. तिला तो तिरस्करणीय वाटत असता तर हे तिने त्याच्या वाट्याला घातलं नसतं.

इथवरचं जरा गोळा करतो. राक्षसाची कीव येते कारण त्याला बोलू दिलंय आणि आपण त्याचं तोंड पाहत नाही. व्हिक्टरची यायला वेळ लागतो, कारण त्याची ओढ समजायला त्याच्या बढाया बाजूला साराव्या लागतात. दोघांनाही मागायचंय. म्हणून दोघांचं बोलणं मन लावून ऐकायचं, पण त्यांच्या मागणीवर लगेच मान डोलवायची नाही.

मग हे तोलायचं कशावर? मी वर्गात नेहमी एका तिसऱ्या नावाकडे बोट दाखवतो: जस्टिन मॉरिट्झ. फ्रँकेन्स्टाईनांच्या घरात वाढलेली, त्याच घरात काम करणारी मुलगी. विल्यमच्या गळ्यातलं आईचं चित्र राक्षस तिच्या कपड्यांत सरकवतो. का, तर ही सगळ्यांकडे बघून हसते आणि माझ्याकडे बघून कधीच हसणार नाही. तो असंही म्हणतो की घात कसा करायचा ते मला फेलिक्सच्या शिकवणीने आणि माणसांच्या रक्तपिपासू कायद्याने शिकवलं. त्याला माहीत असतं की चित्र सापडलं की पोरीला फाशी होणार. रागाच्या भरात झालेला विल्यमचा खून एकवेळ समजून घेता येतो. हे मात्र त्याने थंड डोक्याने केलंय.

आणि व्हिक्टर? त्याला ती निर्दोष असल्याची खात्री आहे. तो न्यायालयात हजर असतो. खरं बोललो तर लोक वेडा म्हणतील म्हणून गप्प बसतो. ते समजू शकतं, पण त्या प्रसंगात तो जे म्हणतो त्याला मी सोडत नाही. तो म्हणतो, आरोपीच्या यातना माझ्याइतक्या नव्हत्या, तिला निदान निर्दोषपणाचा आधार होता, मला पश्चात्ताप कुरतडत होता. फासावर जाणाऱ्या मुलीपेक्षा आपलं दुःख मोठं!

आता शेवटच्या पानांवर जा. व्हिक्टरच्या प्रेतापाशी राक्षस वॉल्टनसमोर बोलतोय. खूप बोलतो, खरं बोलतो, सगळ्या मानवजातीने माझ्याविरुद्ध गुन्हा केला तेव्हा मीच एकटा गुन्हेगार कसा, हा त्याचा सवाल खोडून काढता येत नाही. पण जाता जाता मेलेल्या निर्मात्याला उद्देशून तोही तेच म्हणतो: तुझा सर्वनाश झाला, तरी माझी वेदना तुझ्यापेक्षा मोठी होती.

ज्या क्षणी माणूस ‘माझं दुःख मोठं’ असं म्हणून दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब बंद करतो, त्या क्षणी मी त्याच्यापासून एक पाऊल मागे सरतो. कणव तशीच राहते, पण बाजू घेणं थांबतं. व्हिक्टरच्या बाबतीत हा क्षण 8 व्या प्रकरणात येतो, राक्षसाच्या बाबतीत जस्टिनच्या कपड्यांत हात जातो तेव्हा. जस्टिन स्वतः असं कधी बोलत नाही. पाद्रीने नरकाची भीती घातली म्हणून खोटी कबुली दिली एवढं ती सांगते आणि वर एलिझाबेथचंच सांत्वन करते. तिला फार थोडी पानं मिळाली आहेत. तिच्यासाठी कुणाचे डोळे भरून आले असं मी वर्गात क्वचितच ऐकतो. तुम्हाला विल्यमचं लागून राहिलंय, म्हणजे तुम्ही बऱ्याच वाचकांच्या पुढे आहात.

तुमच्या मैत्रिणीच्या वाक्याबद्दल. ‘खरा राक्षस व्हिक्टरच’ हे अर्धं खरं आहे, पण त्याने नुसती लेबलांची अदलाबदल होते. काल एकाला हाकललं, आज दुसऱ्याला. फेलिक्सची काठी तीच राहते. शिवाय असं म्हटलं की राक्षसाला स्वतःच्या कृत्यांची जबाबदारीच उरत नाही, आणि ती काढून घेणं हा त्याचा अपमान आहे. तो स्वतः शेवटी ती नाकारत नाही.

इतर गॉथिक, म्हणजे भय आणि गूढ यांच्या, पुस्तकांत हे गणित वेगळं बसतं. ‘ड्रॅक्युला’ (1897) सगळी रोजनिश्या, पत्रं, तारा यांतून सांगितली आहे आणि काउंट ड्रॅक्युलाच्या हातच्या दोन-चार ओळींच्या चिठ्ठ्या सोडल्या तर त्यात त्याची स्वतःची कहाणी कुठेच नाही. म्हणून त्याची कीव आपल्याला सहसा येत नाही. ती येते फक्त मीनाला, त्याच्या हातून स्वतः सोसलेल्या बाईला, आणि तिच्या दोन-चार वाक्यांनी सगळी शिकार वेगळी दिसू लागते. स्टीव्हन्सनच्या जेकिल-हाईडमध्ये (1886) निर्माता आणि राक्षस एकाच अंगात आहेत. कबुलीजबाब लिहिताना जेकिल हाईडला ‘तो’ म्हणतो आणि मला ‘मी’ म्हणता येत नाही असं लिहून जातो. व्हिक्टर पुस्तकभर करतो ते जेकिलने एका ओळीत केलंय.

पुन्हा वाचणार असाल तर शक्य झाल्यास 1818 चा मजकूर मिळवा. दोन आवृत्त्यांत प्रकरणांचे आकडे वेगळे आहेत, त्यामुळे आकड्यापेक्षा प्रसंग धरून चला. आधी जस्टिनचा खटला वाचा, मग लगेच राक्षसाची सहा प्रकरणं, आणि मग मागे येऊन ती नोव्हेंबरची रात्र. प्रत्येक पानावर समासात पेन्सिलने लिहीत जा: कोण बोलतंय, कुणाशी, आणि ऐकणाऱ्याकडून त्याला काय हवंय. आणि राक्षसाच्या कहाणीपाशी पुन्हा डोळे भरून आले तर भरू द्या.